पुढची पाठ

१२ जानेवारी

आई,

नमस्कार. पत्राला महिना लावला म्हणून आधी मनसोक्त रागावून घ्या, मग पुढे वाचा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि इथे फोन ह्यांच्याकडेच असतो, त्यामुळे आपलं पत्रच बरं. मसाजवाल्या बाई दर आठवड्याला खाली गावात जातात, त्या पेटीत टाकतील. तुमचंही त्यांच्याच पत्त्यावर पाठवा, लवकर मिळतं.

डोंगरावरच्या या सराव शिबिरात हवा इतकी विरळ आहे की पहिले काही दिवस जिना चढतानाही छातीचा भाता व्हायचा. आमची खोली लांबट आहे. दोन लोखंडी खाटा, एक खिडकी आणि खिडकीखाली हीटर. त्यावर कायम कुणाचे तरी मोजे वाळत असतात. खिडकीतून ट्रॅक दिसतो. सकाळी डोळे उघडले की पहिला तोच.

तुम्ही मागे विचारलं होतंत, दिवसभर पळते म्हणजे नक्की करते काय. सांगते. माझी शर्यत दहा हजार मीटरची, म्हणजे ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्या. माझे प्रशिक्षक म्हणून सरावात हे पुढे पळतात आणि मी त्यांच्या मागे. ह्याला पेसर म्हणतात. वेगाची काळजी पुढच्याने करायची, मागच्याने फक्त चिकटून राहायचं. सहा वर्षांत मी तुमच्या मुलाचा चेहरा जितका पाहिला नसेल तितकी पाठ पाहिली आहे. डावा खांदा वर गेला की वेग वाढणार. मान आखडली की राग आलाय. नियम एकच, मागच्याने पुढच्याला ओलांडायचं नाही. सरावात पुढे जाऊन दाखवणारी शर्यतीत मागे पडते, असं हे म्हणतात.

ऑगस्टच्या जागतिक स्पर्धेसाठी माझी निवड झाली आहे. गेल्या वेळी सातवी आले होते. या वयात पुन्हा संधी नाही. मला पहिल्या तिघींत यायचंय, आई. एवढं एकच मागणं आहे. बाकी सगळं मी चालवून घेते.

पेपरात फोटो आला असेल तर घाबरू नका. भुवईवर टाके आहेत. वळणावर पाय अडकला आणि पडले.

तुमची,
टिटवी


२७ जानेवारी

टिटवे,

आशीर्वाद दिले, आता बोलणी खा. महिन्याने लिहितेस आणि त्यात अर्धा कागद हीटरवरच्या मोज्यांवर घालवतेस.

फोटो पाहिला. शेजारच्या शिंपीणकाकूंनी पेपर आणून दिला. म्हणाल्या, सून तुमची अंगाने काडी, पण डोळ्यांत काय जाळ आहे. म्हटलं काकू, तो जाळ नाही, सूज आहे.

इथलं बरं चाललंय. हॉस्पिटलच्या धुलाईघरात नवं मशीन आलंय. जुन्यापेक्षा दुप्पट खातं आणि दुप्पट ओरडतं. मला काय, मला ऐकूच येत नाही. बाकीच्या बायका कानात कापूस कोंबून फिरतात आणि मी राणीसारखी. ऑपरेशनच्या चादरी अजून माझ्याकडेच आहेत. नव्या मुली रक्ताला गरम पाणी घालतात आणि डाग पक्का करून बसतात.

आता मुद्द्याचं. पडणारं माणूस आधी हात टेकतं. फोटोत तू फुलं काखेत धरून दोन्ही हात हलवते आहेस आणि तुझे तळवे लख्ख आहेत. तू पडलेली नाहीस गं. तुला कुणीतरी मारलंय. मागच्या शर्यतीत मी टीव्हीवर पाहिल्या होत्या ना त्या दोघी, दुसऱ्या देशाच्या, दारासारख्या रुंद. येता-जाता कोपर खुपसत होत्या. त्यांचंच काम असणार, आणि तू भिडस्त, नवऱ्यालाही सांगत नसशील.

म्हणून मी काल काकूंना फोन लावायला लावला. मी सांगत गेले, त्या माझ्या सोन्याशी बोलत गेल्या. म्हटलं, तिला तिथे कुणीतरी मारतंय. तुला सांगत नाही, मला मात्र सगळं लिहिते. तू डोळ्यांत तेल घालून तिच्यावर लक्ष ठेव. तो 'बरं' म्हणाला. चांगला बोलला.

दूध घे. झोप घे.

आई


३ मार्च

आई,

नमस्कार. अक्षराला हसू नका. उजव्या हाताची दोन बोटं एकत्र बांधली आहेत, त्यामुळे पेन तिसऱ्याच बोटात धरावं लागतं. खोलीचं दार वाऱ्याने आपटलं आणि बोटं मध्ये आली. इथे वारा फार.

परवा निमंत्रितांची शर्यत झाली. तुम्ही म्हणता त्या दोघी होत्या. टीव्हीवर दिसतं ते काहीच नाही. वीस-बावीस बायका एकाच आतल्या कडेसाठी भांडतात, तेव्हा तिथे माणुसकी उरत नाही. बुटांखाली खिळे असतात. पहिल्या फेरीतच कुणाचा तरी खिळा माझ्या नडगीवरून गेला, चेन उघडावी तशी कातडी उघडली. मोजा भिजला, मग बूट. पुढे प्रत्येक पावलाला चिखलात पाय पडल्यासारखा आवाज. एकीने बरगडीत कोपर घातलं, मीही घातलं. त्यात राग नसतो. शर्यत संपल्यावर तीच रुंद मुलगी येऊन माझ्या पायाकडे बघून हळहळली, स्वतःची पाण्याची बाटली ओतली त्यावर. भली आहे हो ती.

तिसरी आले. हे खूश आहेत.

एक विनंती आहे. माझ्याबद्दल काहीही असलं तरी ह्यांना फोन करू नका, करवू नका. त्यांना काळजी वाटते. आणि मी तुम्हाला काय लिहिते तेही सांगू नका.

टिटवी


१२ मार्च

टिटवे,

मी मूर्ख आहे, पण इतकीही नाही. जिला कोपर घातलं ती भली आणि पाणी ओतते, असं तूच लिहितेस. मग दारासारख्या रुंद बायकांनी भुवई फोडली नाही. मग राहिलं कोण? मी फोन केला आणि पुढच्याच पत्रात तुझी बोटं दारात आली. वारा बरोबर माझ्या फोननंतरच सुटला.

आता मी सांगते, ते ऐक. सगळ्यांना वाटतं माझे दोन्ही कान मशीनने गेले. मीच तसं सांगत आले. एक तर मशीनवर लागायच्या आधीच गेला होता. तुझ्या सासऱ्यांच्या हाताने. पाणी गार का, एवढंच कारण होतं. सोन्या माझ्या कडेवर होता. मी पडू नये म्हणून भिंतीला धरलं, त्याला सोडलं नाही. कानात शिट्टी वाजली, ती दोन दिवस वाजत राहिली आणि मग तिथे काहीच नाही. शेजारी म्हणाले, काय झालं? म्हटलं, सर्दी.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते मलाच ठाऊक. म्हाताऱ्याबरोबर ते जळलं असं धरून चालले होते मी.

मला लांबलचक नको. हो की नाही, एवढंच लिही.

आई


२४ मार्च

आई,

हो.

एवढंच लिहून पाकीट बंद केलं होतं. पुन्हा उघडलं. तुमच्या कानाचं वाचल्यावर मला एका शब्दात सुटणं बरं वाटेना.

भुवईचं कारण होतं, एक फेरी सावकाश पळाले. हातातलं घड्याळ फेकून मारलं. बोटांचं कारण तुमचा फोन. 'आईला सगळं लिहितेस का' असं विचारत हे दार लावत गेले. तुम्ही स्वतःला बोल लावू नका, नसतं ते निमित्त तर दुसरं मिळालं असतं. आणि हे सारखं होत नाही. अधेमधे इतकं चांगलं वागतात की मलाच वाटतं, मी वाढवून सांगतेय.

मागच्या गुरुवारी मात्र वेगळं झालं. सरावात शेवटच्या फेऱ्या चालल्या होत्या. ह्यांची पोटरी आखडली. मला ते पाठीवरून कळलं, उजवा खांदा पडला. वेग उतरला. मी थांबायला हवं होतं, मागे राहायला हवं होतं. पण पाय सुटले होते, आई. मी बाजूने निघाले आणि पुढे गेले. पुढे कुणीच नव्हतं. नुसता लाल ट्रॅक आणि वारा. मला हसू येत होतं. कठड्याशी बसलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातला एक ओरडला, 'कानामागून आली आणि तिखट झाली!' सगळे हसले.

संध्याकाळी हे खोलीत आले. माझे बूट घेतले, त्यांतले खिळे किल्लीने काढले, आपल्या बुटांत बसवले, एकेक पिळून. मी खाटेवर बसून बघत होते. मला वाटलं, उद्याची तयारी. मग बूट घातले, माझ्यासमोर आले आणि माझ्या डाव्या पावलावर उभे राहिले. दोन्ही पायांनी. माझे खांदे धरून. मी ओरडू नये म्हणून नाही, तोल जाऊ नये म्हणून.

त्यानंतर तो रडला. पाऊल मांडीवर घेऊन स्वतः धुतलं, औषध लावलं, पट्टी बांधली. कुठलं हाड वाचलंय, कुठली शीर वाचलीय, सगळं बरोबर सांगितलं. पायातलं त्याला फार कळतं. कुठे उभं राहायचं तेही कळलंच होतं. सगळ्यांना सांगितलं की सरावात मागच्या मुलीचा पाय पडला. सकाळी मला पळवलं.

मी ऑगस्टपर्यंत थांबणार आहे. त्याच्याशिवाय मला पळता येत नाही. पुढे पाठ नसली तर मला वेगच कळत नाही. शर्यत होऊ दे, मग बघू. तुम्ही काही करू नका.

टिटवी


२ एप्रिल

टिटवे,

तुझं पत्र कामावर वाचलं. मग हिरव्या चादरी पांढऱ्यांत टाकल्या. सगळा वॉर्ड पोपटी झाला. मुकादम म्हणाला, काय हे. म्हटलं, आजाऱ्यांना बरं वाटेल. हसला बिचारा.

आपलेच दात, आपलेच ओठ, असं मी आयुष्यभर म्हणत आले. पण दात ओठ फाडून खायला लागले तर माणूस काय करतं? मला खरंच माहीत नाही. तुला वाटलं असेल, पोटचा गोळा आहे, म्हातारी त्याची बाजू घेईल. मलाही वाटलं होतं. दिवसभर वाट पाहिली, नाही घेतली गेली. त्याच्यावरची माया मात्र तशीच आहे, तिचं काय करू ते तूच सांग.

पाऊल धुतलं म्हणतेस. त्याचा बाप माझ्या कानात तेल घालायचा. कोमट करून.

ऑगस्टपर्यंत थांबलीस तर ऑगस्टला तुला पाय नसेल. ज्याने पावलावर उभं राहून पाहिलं, तो पुढच्या वेळी गुडघ्यावर उभा राहील. शर्यत हवी ना तुला? मग शर्यतीसाठीच निघ. माझ्यासाठी नको, अब्रूसाठी नको. पेसर नाही म्हणून अडून बसलीस. अगं, पाठच पाहिजे तर एखाद्या बसच्या मागे पळ. ती निदान मागे वळून मारत नाही.

मसाजवाल्या बाईंना सांग. तुझं अंग त्यांच्या हाताखालून जातं, त्यांना माझ्याआधी कळलेलं असणार. माझ्याकडे येऊ नकोस, तो आधी इथेच येईल.

निघ.

आई


१० जून

आई,

निघाले. दीड महिना धीर गोळा करण्यात गेला, एक सकाळ निघण्यात.

बाईंना खरंच माहीत होतं. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, 'मी रोज विचार करायची, ही बाई आज तरी बोलेल.' त्यांनी माझे बूट मळक्या टॉवेलांच्या गाठोड्यात बांधले आणि मला धुलाईच्या गाडीत मागे बसवलं. तुमचीच आठवण येत होती.

आता बाईंच्या भावाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावर माडीत राहते. खालून दिवसभर रबराचा वास येतो. पलीकडे जुनं मैदान आहे, मातीचं. एकटी पळते. पहिले कित्येक दिवस वाईट गेले. पुढे कुणी नसलं की मी सुसाट सुटायची आणि निम्म्यात गुडघ्यांवर हात टेकून ओकायची. तुमचा बसचा उपाय करून पाहिला. चालकाने आरशात बघून गाडी थांबवली, म्हणाला, चढा ताई, एवढं काय पळताय. आता हळूहळू माझा मलाच वेग कळायला लागलाय.

संघटनेला कळवलं. साहेब म्हणाले, निवड रद्द होणार नाही, पण नवरा-बायकोच्या भांडणात आम्ही पडत नाही. तो त्यांना सांगत फिरतोय की माझं डोकं ठिकाणावर नाही. प्रशिक्षक म्हणून त्याचं ओळखपत्र शाबूत आहे. म्हणजे ऑगस्टमध्ये तो मैदानात असणार.

भीती वाटते. पण पाऊल भरलंय. चार भोकं बुजली, पाचवं अजून ओलं आहे.

तुमच्याकडे आला का तो?

टिटवी


१६ जुलै

चि. टिटवीस,

अक्षर माझं नाही, आमच्या इस्त्रीवालीचं आहे. मी सांगतेय, ती लिहितेय. काळजी करू नकोस. धुलाईघरात साबणाच्या पाण्यावरून पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलंय. हॉस्पिटलातच पडल्याचा हा एक फायदा.

सोन्या येऊन गेला. जेवला. तुझा पत्ता विचारला, मी म्हटलं मला माहीत नाही. चांगला वागला. वाळलाय फार.

तू इकडचा विचार करू नकोस. पोटभर खा आणि पळ. शर्यत आमच्या वॉर्डातल्या टीव्हीवर बघणार आहोत, सिस्टरनी कबूल केलंय.

तुझी आई

ताई, हे खालचं मी माझ्या मनाने लिहितेय, त्यांना वाचून दाखवणार नाही. त्या पडल्या त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. त्या धुलाईघरात नव्हत्याच. — इस्त्रीवाली


२१ ऑगस्ट

आई,

निकाल तुम्हाला कळला असेल. तिसरी आले होते. पाटीवर माझं नाव पूर्ण एक मिनिट होतं. मग काढलं. बाद.

काय झालं ते सांगते. सुरुवातीपासून मारामारीच होती. उकाडा इतका की ट्रॅकला हात लावला तर चटका बसावा. दुसऱ्याच फेरीत एक पडली, मागच्या दोघी तिच्यावरून गेल्या, मी उडी मारली. कुणाची तरी नखं माझ्या दंडावरून गेली. मी आतल्या बाजूला कोंडले गेले, पुढे एक, बाजूला एक, मागे श्वास. पण पाय चांगले होते. इतके चांगले कधीच नव्हते.

आणि तो होता. वळणावर कठड्याला टेकून उभा. दर फेरीला तिथून जाताना त्याचा आवाज. शिव्या नाहीत. सरावातलंच बोलणं. 'चिकट. चिकटून राहा. ओलांडू नकोस.' सगळ्यांना वाटत असेल, किती जीव लावून शिकवतोय. मला दर फेरीला तुमचं प्लास्टर दिसत होतं. इस्त्रीवालीने मला कळवलं, तिच्यावर रागावू नका.

शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा पुढे दोघी सुटल्या होत्या आणि मी चौथी. माझ्या समोर पांढऱ्या बनियनमधली एक, वयाने लहान. तिसरी जागा तिची होती. त्याच्या समोरून गेलो आणि तिचा डावा खांदा वर झाला.

पुढचं नीट आठवत नाही. गर्दी होती. वळणावर पाय अडकला आणि ती पडली. मागच्यांना थांबता आलं नाही. पंचांनी दोष माझ्यावर ठेवला. शर्यतीत हे असं होतंच, तुम्हाला मी मागे लिहिलं होतं.

सगळं गेलं, आई. आता कशासाठी पळायचं?

टिटवी


२९ ऑगस्ट

टिटवे,

डाव्या हाताने लिहितेय. वेळ लागेल, पण हे इस्त्रीवालीला सांगण्यासारखं नाही.

आम्ही पंधराजणी टीव्हीसमोर होतो. दोन आजारी खाटांसकट आणले होते. त्यांनी ती पडली ते पुन्हा पुन्हा दाखवलं, सावकाश करून. गर्दी नव्हती. तुम्ही दोघीच होतात. पाय कुणाचाच अडकला नाही. तुझा हात तिच्या पाठीवर गेला, उघडा, पाच बोटं पसरून, आणि तू तिला लोटलंस. तिचा खांदा आधी आपटला, मग मागचीचा खिळ्यांचा बूट तिच्या गालावर. वॉर्डातल्या बायका म्हणाल्या, चुकून झालं असेल. तो हात मी ओळखते. नवऱ्याचा पाहिला, मुलाचा पाहिला. तुझ्या अंगाला कधी लागला गं तो?

तुला टोचतंय ना? टोचू दे. तुला तिच्या जागी कोण दिसलं ते मला सांगू नकोस, मला कळतं. त्यालाही माझ्यावर हात टाकताना कोणीतरी दिसतच असेल. त्याने माझं मनगट उलटं पिरगाळलं, तुझा पत्ता दे म्हणून. वाळलेल्या काटकीसारखं वाजलं. मला ऐकू आलं नाही, हाडातून कळलं. मग हॉस्पिटलात स्वतः घेऊन गेला मला. डॉक्टरांना म्हणाला, आई घसरली. मी मान हलवली. आणि तुलाही तेच लिहिलं. तेव्हा तुला शिकवायला मी काही फार मोठी लागून गेले नाही.

परवा पोलीस चौकीत गेले होते. इस्त्रीवाली सोबत होती. आतला माणूस बरा होता, खुर्ची दिली, मोठ्याने बोलला. कुणाविरुद्ध तक्रार, म्हणाला. नाव लिहा. कागद पुढे केला. त्याचं नाव मीच ठेवलं होतं गं, बारशाला नाही, आधीच, पोटात असताना. डावा हात पुढे गेला आणि थांबला. म्हटलं, नंतर येते. परत आले. तो गावातच आहे, शर्यत झाल्यापासून. रोज दारावरून जातो.

मला जमलं नाही. तुला जमतंय का बघ. तू त्या पोरीकडे जा. पंचांकडे नको, आधी तिच्याकडे. जे केलंस ते तिला तोंडावर सांग.

आई


१२ सप्टेंबर

आई,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस तुमचा राग आला. तिसऱ्या दिवशी गेले.

ती अजून शर्यत झाली त्या शहरातल्याच हॉस्पिटलात आहे. गळ्याजवळचं हाड तारेने बांधलंय, गालावर टाके. बिछान्यात अगदीच लहान दिसते. तिची भाषा मला येत नाही, एक सिस्टर मध्ये उभी राहिली. तिला वाटलं मी चौकशीला आलेय. हसून बाजूला सरकली, मला बसायला जागा केली. मी बसले नाही. म्हटलं, तू अडखळली नाहीस, मी तुला ढकललं, मुद्दाम. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, सांगू का अशा नजरेने. मी म्हटलं, सांगा.

तिने एकच विचारलं. मी तुझं काय केलं होतं? मी सांगितलं, काहीच नाही. तोंडावर सगळी कहाणी आली होती, पाऊल, बोटं, भुवई, तुमचं मनगट. दात आवळून धरले. ते तिच्या गालावर ठेवायला आणलं नव्हतं मी. तिने सिस्टरला काहीतरी सांगितलं. सिस्टर म्हणाली, तुम्ही जा आता. गेले.

पंचांनाही तेच लिहून दिलं. बंदी आली आहे. ती उठेपर्यंत माझं वय काय असेल ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्या तिघींत मी आता येणार नाही, आई. रडून झालंय. तरी सकाळी पाय आपोआप उठतात आणि मातीच्या मैदानावर जातात. कशासाठी पळायचं असं मी विचारलं होतं. ते अजून कळलं नाही, पण पळते.

वीस तारखेच्या गाडीने येते. इस्त्रीवालीला स्टेशनवर पाठवा, तुम्ही एकट्या बाहेर पडू नका. तो दारावरून जातो तर जाऊ दे. मला भीती वाटते, ती घेऊनच येते.

चौकीत दोघी जाऊ. नाव मी लिहीन, तुम्ही दुसरीकडे बघा हवं तर. सही मात्र आपापली. तुमच्या मनगटाची तुम्ही करा, माझ्या पायाची मी करते.

तुमची,
टिटवी